खुडूक कोंबडी उठवायची कशी, आणि कधी उठवायचीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी सात-आठ गावरान कोंबड्या, त्यातली एक लाल कोंबडी सारखी खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायलाच बसते. खाली अंडं नसलं तरी रिकाम्या टोपलीत फुगून बसते, हात घातला की चोच मारते, उचलून बाहेर टाकली तर चार दाणे टिपून परत तिथंच. पाण्यात बुडवून झालं, नाकात पीस घालून झालं, दोन दिवस डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, डालून ठेवली, फरक शून्य. घरचे म्हणतात विकून टाका. ताई विचारतायत काय करू.

विकू नका ताई. आणि आधीच सांगतो, तुम्ही केलेल्या तीन उपायांपैकी तो डालून ठेवायचा जो आहे ना, तो उपाय नाहीच, त्यानं ती अजून पक्की बसते. का ते पुढं सांगतो.

आधी ती खरंच खुडूक आहे का एवढं बघून घ्या, कारण टोपलीत बसून राहणारी प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. अंडं अडकलेली कोंबडी पण खोप्यात जाऊन बसते. पण ती मलूल असते, शेपूट खाली पडलेली, उभी राहिली तर पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, मधेमधे कुंथते, आणि तुम्ही हात लावला तर फारसं भांडत नाही. तिला डॉक्टरची गरज असते, पिंजऱ्याची नाही. खुडूक कोंबडी उलट एकदम तिखट असते. अंग फुगवून चपटी होऊन बसते, जवळ गेलं की पिसं उभी करते, घशातून तो खुक खुक आवाज काढते, फिरताना सुद्धा तोच आवाज चालू असतो, रात्री दांडीवर चढत नाही. तुरा फिका आणि बारीक व्हायला लागतो. दिवसातून एकदा कधीतरी उठते, गडबडीनं खाते पिते, आणि एक भला मोठा घाणेरड्या वासाचा ढीग टाकते, तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. पोटाखाली हात घातला तर कातडी उघडी आणि गरम लागते. एवढं सगळं असेल तर मग शंकाच नाही.

आता ती अशी का वागते हे समजून घेतल्याशिवाय उपाय नीट होत नाही म्हणून दोन मिनिटं तेवढं वाचा. कोंबडीच्या मेंदूखाली जी पिट्युटरी ग्रंथी असते तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं. ते वाढलं की अंडाशय आक्रसून जातं, अंडी बंद होतात, पोटाची पिसं झडतात आणि तिथल्या कातडीत रक्त जास्त खेळायला लागतं, म्हणजे अंड्यांना ऊब मिळावी अशी सगळी व्यवस्था. आणि खरी गोम पुढं आहे. त्या उघड्या पोटाला खाली अंडं, गवत, पेंढा काहीही उबदार लागत राहिलं की तो स्पर्श मेंदूला परत परत सांगत राहतो की बसून राहा, आणि प्रोलॅक्टिन चढंच राहतं. म्हणजे ती बसते म्हणून हार्मोन वाढतं आणि हार्मोन वाढतं म्हणून ती बसते. हे चक्र तोडायचं असेल तर पोटाखालचा तो स्पर्श आणि ती ऊब काढून घ्यायची, बाकी काही नाही. खोपा पूर्ण तुटला की एक-दोन दिवसांतच प्रोलॅक्टिन उतरायला लागतं.

म्हणूनच नुसतं टोपलीतून अंडी काढून घेणं पुरेसं होत नाही. तिला अंडंच लागतं असं नाही, टोपलीतला पेंढा पण चालतो, माती उकरून केलेला खड्डा पण चालतो. मी दगडावर बसलेली कोंबडी पाहिलीय, एका घरी तर जुन्या चपलेवर बसलेली. आणि अंडं नसलं तर 21 दिवसांनी आपोआप उठेल असंही धरून चालू नका, पिल्लं निघालीच नाहीत म्हणून पाच-पाच सहा-सहा आठवडे बसून राहणाऱ्या कोंबड्या असतात, आणि तोवर त्यांचं वजन इतकं उतरतं की हातात घेतलं की छातीचं हाड लागतं.

आणि डालग्याचं म्हणाल तर डालग्याखाली काय असतं, अंधार, ऊब, शांतता आणि खाली भुई. खुडूक कोंबडीला नेमकं हेच पाहिजे असतं. तुम्ही तिला फुकटात खोपा करून दिला. डालगं रात्री पिल्लं झाकायला उत्तम आहे, मुंगसापासून वाचवायला उत्तम आहे, खुडूक घालवायला चालत नाही.

तर उपाय. जाळीच्या तळाचा पिंजरा, जमिनीपासून वर, सगळीकडून वारा लागेल असा, उजेडात. बस. जगभर कोंबड्या पाळणारे लोक फिरून फिरून याच उपायावर येतात, कारण यात पोटाला खालून वारा लागतो, बसायला मऊ काही नसतं आणि अंधार नसतो.

नवीन पिंजरा विकत घ्यायची गरज नाही. सशाचा जुना पिंजरा असेल तर झकास. लेअर फार्मचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मचे, जुने केज भंगारात मिळतात, त्याचा एक तुकडा कापून आणला तरी चालतो, फक्त त्याचा तळ पुढं उतरता असतो तो सरळ करून बांधा. काहीच नसेल तर भाजी मार्केटमधले दोन टोमॅटोचे क्रेट घ्या, ज्यांच्या तळाला जाळी आहे असेच घ्या, एक सरळ ठेवायचा, दुसरा त्याच्यावर पालथा घालायचा, चारी कोपरे तारेनं बांधायचे, झाला पिंजरा, उंची पण कोंबडीला उभं राहण्यापुरती मिळते. वेल्डमेश जाळी वापरणार असाल तर एक इंचाच्या आतलीच घ्या, मोठ्या भोकात पाय अडकतो आणि मोडतो. चिकन मेश म्हणून जी षटकोनी पातळ जाळी मिळते ती तळाला नको, ती खाली झोळ खाते आणि त्या झोळात ती आरामात बसते, मग पिंजऱ्याचा काही उपयोग नाही.

पिंजरा चार विटांवर ठेवून भागत नाही, दीड-दोन फूट तरी वर पाहिजे, स्टुलावर ठेवा, दोन बाकड्यांच्या मधे आडवा ठेवा, झाडाला टांगा, पण खालून मोकळा पाहिजे. आत एक आडवी काठी बांधा, अंगठ्यापेक्षा जाड, वरून थोडी चपटी केलेली, म्हणजे तिला पकडून बसता येईल. ही काठी लोक विसरतात. काठीवर बसली की पोट हवेत राहतं, हे एक, आणि सारखं तारेवर उभं राहून तळपाय सोलतात ते वाचतं, हे दुसरं. पेंढा, गोणपाट, भुसा, कागद काही म्हणजे काहीही आत टाकायचं नाही. घरातलं कुणीतरी दया येऊन गोणपाट टाकतंच, तेवढं सांगून ठेवा.

दाणा-पाणी मात्र भरपूर आणि दिवसभर. जुनी माणसं म्हणतात उपाशी ठेवा म्हणजे उठेल. अहो ती आधीच अर्धी उपाशी आहे, तिला अजून उपाशी ठेवून खुडूक गेली तरी परत अंड्यावर यायला तिला अंगात काही शिल्लक पाहिजे ना. ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, लेअर फीड असेल तर ते, थोडा लसूणघास किंवा शेवग्याचा पाला, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. भांडी जाळीला बाहेरून बांधा किंवा आत तारेनं घट्ट करा, नाहीतर ती पाण्याचं भांडं उलथवते आणि त्यातच बसायला बघते.

जागा निवडताना आपल्याकडचं ऊन विसरू नका. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून काही जण पिंजरा अंगणात उघड्यावर ठेवतात, तिकडं चालतं, आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारी उघड्यावर पिंजऱ्यात ठेवलेली कोंबडी संध्याकाळपर्यंत मेलेली सापडेल. आंब्याच्या, कडुलिंबाच्या दाट सावलीत ठेवा, पत्र्याच्या शेडखाली नको. पावसाळ्यात ओसरीत, थंडीत रात्रीचा वारा येतो ती एक बाजू बांधून घ्या. रात्री मुंगूस, रानमांजर, कुत्रं यांचा विचार करून पिंजरा आत घ्या, पण आत घेतला तरी खालून मोकळाच ठेवायचा आणि जमलं तर एक बल्ब चालू ठेवायचा, अंधार पडला की तिचं बसायचं मन होतं. शक्यतो बाकीच्या कोंबड्यांना ती दिसेल अशीच ठेवा. चार दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत सोडली की बाकीच्या तिला नवीन समजून टोचतात, डोक्यावरची सालं काढतात, रोज दिसत राहिली तर एवढं होत नाही.

किती दिवस? ती खुडूक बसून किती दिवस झाले त्यावर आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिंजऱ्यात गेली तर बहुतेक वेळा तीन दिवसांत काम होतं. आठवडा-दहा दिवस बसून झालेली असेल तर पाच-सहा दिवस, कधी आठवडा. म्हणून ज्या संध्याकाळी ती दांडीवर न चढता खोप्यात सापडली त्याच रात्री टॉर्च घेऊन उचला आणि पिंजऱ्यात टाका, उद्या बघू म्हणलं की तुमचेच दिवस वाढतात. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर सोडून बघायची. बाकीच्यांच्यात जाऊन उकरायला लागली, आवाज बंद, पिसं अंगाला चिकटून, तर सुटली. सरळ टोपलीकडं पळाली तर परत आत, अजून दोन दिवस. आणि सोडायची ती टोपली झाकूनच. पहिले दोन-तीन दिवस तिची आवडती जागा बंद ठेवा, एखादी वीट लावा, पाटी पालथी घाला. काही कोंबड्या लबाड असतात, दिवसभर ठीक वागतात आणि संध्याकाळी हळूच आत शिरतात, त्यामुळं रात्री एकदा टॉर्च मारून बघायचंच, दांडीवर बसलीय का.

उठल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी अंडं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आक्रसलेलं अंडाशय परत भरायला वेळ लागतो. लवकर उठवली तर आठ-पंधरा दिवसांत, उशिरा उठवली तर तीन आठवडे पण लागतात. तुरा परत लाल आणि भरलेला दिसायला लागला की अंडं जवळ आलं समजा.

आता बाकीचे उपाय, जे प्रत्येक गावात कुणी ना कुणी सांगतंच.

पाण्यात बुडवणं. यात थोडं तथ्य आहे, पोट गार होतं, पण अर्ध्या तासात ती परत टोपलीत जाऊन बसते आणि सगळं गरम करून घेते, म्हणजे नुसतं बुडवून सोडून दिलं तर काही उपयोग नाही. उन्हाळ्यात, भर दुपारी, साध्या पाण्यात फक्त पोटापर्यंत, एक-दोन मिनिटं धरून नंतर सरळ पिंजऱ्यात टाकली तर मदत होते, माझा त्याला विरोध नाही. पावसाळ्यात आणि थंडीत अजिबात नको, ओली कोंबडी रात्रभर कुडकुडते आणि सर्दी धरते. डोक्यासकट बुचकळून काढणारे लोक आहेत, त्यांना काय बोलावं.

नाकात पीस घालणं. याला माझा सरळ नाही. कल्पना अशी की नाकात पीस खुपसलं की ती वैतागून फिरत राहील, बसणार नाही. होतं काय, तर नाकाला जखम, सूज, मग त्यात पू, श्वास तोंडानं. खाणं अजून कमी. तुम्ही घातलं असेल तर आधी काढा आणि नाकपुड्या कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसून घ्या. उलटं टांगणं, पंख बांधणं हे पण त्याच जातीचे उपाय.

पायाला दोरी बांधून झाडाखाली ठेवणं. डालग्यापेक्षा हे बरं, कारण उजेड आहे, वारा आहे, खोपा नाही. पण ती मातीत खड्डा करून बसतेच, दोरी गुंतते, आणि कुत्रं आलं तर पळता येत नाही. दुसरं काहीच नसेल आणि कुणीतरी समोर असेल तरच, आणि ते पण फरशीवर किंवा कडक जमिनीवर.

पॅरासिटामॉलची गोळी. हल्ली हे फार ऐकू येतंय. लोकांना वाटतं कोंबडी गरम लागते म्हणजे ताप आलाय. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं, आपल्या हाताला ती कायम गरमच लागणार, आणि पोट जास्त गरम लागतं कारण तिथली पिसं गेलीत आणि रक्त जास्त खेळतंय. ताप नाहीच तर तापाची गोळी कशाला, आणि मग ती अंडी घरातली लेकरं खाणार. प्रोलॅक्टिन कमी करणारी ब्रोमोक्रिप्टिन सारखी औषधं कोंबड्यांवर संशोधनात वापरून बघितलीयत, पण ते प्रयोगशाळेत, घरी तीन दिवसांच्या पिंजऱ्यानं जे होतं त्याला औषध लागत नाही.

एक अजून गोष्ट, जी सगळ्यांच्या लक्षातून सुटते. खुडूक कोंबडी धुळीत फारशी लोळत नाही, त्यामुळं तिच्या अंगावर उवा आणि गोचिड भराभर वाढतात. तुमची कोंबडी सारखी सारखी खुडूक बसते म्हणजे ती टोपली पण जुनी झालेली असणार. तिला उचलाल तेव्हा शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं बाजूला करून बघा. टोपलीतला पेंढा जाळून टाका, टोपली कडक उन्हात दोन दिवस ठेवा. पिंजऱ्यातून सुटल्यावर लोळायला कोरडी माती आणि चुलीतली चाळलेली राख एका घमेल्यात ठेवा, ती स्वतःच काय ते करून घेते.

आणि तिच्या खालून काढलेल्या अंड्यांचं काय? कळपात कोंबडा असेल आणि अंडं तिच्याखाली दोन-तीन दिवस राहिलं असेल तर त्यात जीव धरायला सुरुवात झालेली असते. खायला घेण्याआधी अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते खायचं नाही, विकायचं तर नाहीच नाही. बाकीच्या कोंबड्या तिच्याच टोपलीत घुसून अंडी घालतात म्हणून हा घोळ होतो.

परत होऊ नये म्हणून काय? पूर्ण थांबवता येत नाही, गावरान कोंबडीच्या रक्तातच ते आहे, पण कमी करता येतं. अंडी दिवसातून दोनदा उचला. टोपलीत दहा-बारा अंड्यांचा ढीग साठला की तो बघून बसायची इच्छा होते. जागा लक्षात राहावी म्हणून एक अंडं ठेवायची पद्धत आहे, ठेवा, पण कुणी खुकखुकायला लागली की ते पण उचला. बहुतेक कोंबड्या दुपारपर्यंत अंडं देऊन मोकळ्या होतात, त्यामुळं चार-पाच नंतर टोपल्या झाकून टाकल्या तर रात्री कुणी आत राहत नाही, माझ्या मते सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी गोष्ट हीच. टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात, खोल, पडदा लावलेली नको. आणि कडब्याच्या गंजीत, गव्हाणीत, तुरकाट्यांच्या ढिगात चोरून अंडी घालतायत का ते फिरून बघत जा, तिथं एकदा बसली तर तुम्हाला कळतं तेव्हा पंधरा दिवस झालेले असतात. एक बसली की बघून दुसरी पण बसते, हा अनुभव सगळ्यांनाच आहे, म्हणून पहिलीला पटकन हलवा.

जातीचं पण थोडं सांगतो कारण ताईंनी विचारलंय की दुसरी कुठली घेऊ. ज्यांना फक्त अंडीच पाहिजेत त्यांनी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया किंवा वनराजा घ्यावी, या सुधारित जाती खुडूक बसत नाहीत म्हणलं तरी चालेल, लेगहॉर्न तर नाहीच, पिढ्यान् पिढ्या निवड करून तिच्यातून हा गुणच काढून टाकलाय. कडकनाथ पण पिल्लं काढायच्या भानगडीत फार पडत नाही, लोक कडकनाथची अंडी गावरान कोंबडीखालीच ठेवतात. असील मात्र बसली की बसली, तिला उठवताना हाताला फडकं गुंडाळा.

आणि आता मुद्द्याचं, जे मला तुमच्या प्रश्नात खरं सांगायचंय. तुम्ही तिला दर वेळी उठवायलाच पाहिजे का?

हिशोब बघा. गावरान कोंबडी एका खेपेला 12 ते 15 अंडी देते, मग 21 दिवस बसते, मग दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन फिरते, त्या काळात अंडी बंद. म्हणजे एक फेरा साडेतीन-चार महिन्यांचा, म्हणून तर ती वर्षाला 50-60 अंड्यांच्या वर जात नाही. लवकर उठवली तर हाच खंड दोन-तीन आठवड्यांवर येतो, अंडी वाढतात. पण ज्या घरात ग्रामप्रिया, वनराजा, कडकनाथ आहेत आणि अंडी उबवायचं मशीन नाही, तिथं सारखी खुडूक बसणारी एक गावरान कोंबडी म्हणजे विजेशिवाय चालणारं इनक्युबेटर आणि पिल्लांना ऊब देणारं ब्रूडर दोन्ही. लोडशेडिंग झालं तरी तिचं तापमान हलत नाही, अंडी ती स्वतःच दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, आणि पिल्लांना घारीपासून कसं लपायचं ते शिकवते, जे मशीनला कधीच जमणार नाही. तुमची लाल कोंबडी जर इतकी चिकट असेल तर ती कळपातली सगळ्यात वाईट अंड्याची कोंबडी असेल पण सगळ्यात चांगली आई असण्याची शक्यता खूप आहे. अशा कोंबडीला बाजारात कुणी भाव देत नाही, घेणारा तुरा बघूनच ओळखतो.

बसवायची असेल तर नीट बसवा. अंडी सात दिवसांच्या आतली, फ्रिजमधली नकोत, कळपात कोंबडा पाहिजे, नाहीतर वर्षभर बसली तरी पिल्लू निघणार नाही, गच्चीवर नुसत्या कोंबड्या पाळणाऱ्या शहरातल्या लोकांना हे सांगावं लागतं. लहान कोंबडीखाली आठ-नऊ, मोठीखाली दहा-बारा, जास्त नको, कडेची गार पडतात. सगळी एकाच रात्री ठेवायची, प्रत्येकावर पेन्सिलनं खूण करायची म्हणजे दुसऱ्या कुणी घातलेलं अंडं रोज ओळखून काढता येतं. टोपलीत खाली थोडी माती, वर पेंढा, त्यात कडुलिंबाचा सुका पाला. दाणा-पाणी जवळ, पण तिला उठूनच घ्यावं लागेल एवढ्या अंतरावर, आणि बसलेल्या कोंबडीला लेअर फीडपेक्षा अख्खा मका-ज्वारी बरी. सातव्या-आठव्या दिवशी टॉर्चनं बघून ज्यात शिरा नाहीत ती काढून टाका. पिल्लं निघाली की लसीकरण चुकवू नका, पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची. आईखालची पिल्लं आहेत, गावरान आहेत, त्यांना काही होत नाही असं म्हणणाऱ्यांची पिल्लं राणीखेतनं एका आठवड्यात साफ झालेली असतात.

अंडी नसतील पण पिल्लं घेता येत असतील तर अजून एक रस्ता आहे. तिला दोन-अडीच आठवडे खोट्या अंड्यांवर बसू द्या, चुना लावलेले गोटे चालतात, मग हॅचरीतून एक-दोन दिवसांची पिल्लं आणून रात्री अंधारात एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी उजाडायच्या आधी तिथं हजर राहा. हळू आवाजात बोलावत असेल, पिल्लं आत घेत असेल तर झालं. डोक्यावर जोरात चोच मारत असेल तर लगेच काढून घ्या, सगळ्याच कोंबड्या सवत-पिल्लं घेत नाहीत.

पण लागोपाठ दोनदा बसवू नका. आत्ता तिची अवस्था काय आहे ते आधी बघा. छातीचं हाड हाताला धारदार लागत असेल, तुरा पांढरट पडला असेल, तर ही वेळ बसवायची नाही, आत्ता पिंजऱ्यात टाकून उठवा, दोन-तीन महिने चांगलं खाऊ घाला, एक खेप अंड्याची घ्या आणि पुढच्या वेळी बसू द्या. मे महिन्यात तर मी बसवायच्या भानगडीत पडूच नका म्हणेन, विदर्भात, मराठवाड्यात, आणि आपल्याकडं पण पत्र्याच्या शेडमधे धापा टाकत बसून राहते, पाण्याला उठत नाही आणि जागेवर जाते. बसवायची तर पावसाळा सरला की, नाहीतर माघ-फाल्गुनात, पिल्लं तरी कडक उन्हाच्या आधी जरा मोठी होतात.

तेव्हा ताई, आज रात्री करायचं ते एवढं. टॉर्च घेऊन तिला उचला, छातीचं हाड चाचपा, अंगावर उवा बघा, दोन क्रेटचा पिंजरा करून ओसरीत टांगा, आत काठी आणि पाणी, टोपली उन्हात टाकायला बाहेर काढून ठेवा. तुमची बरेच दिवस बसून झालीय असं लिहिण्यावरून वाटतंय, म्हणजे तीन दिवसांवर समाधान मानू नका, पाच-सहा धरा. आठवडा होऊनही खुकखुकत असेल, किंवा पिंजऱ्यात दाणाच खात नसेल, तर मग ती नुसती खुडूक नाही, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.